वाजवणाऱ्याचं नाव : ऐकण्याच्या प्रकल्पाच्या नोंदी

१ जून २०२५, वडगाव, बेळगाव

पावसाळाभर दर शनिवारी संध्याकाळी एकत्र बसून गाणं ऐकायचं ठरलं. जागा अण्णांच्या घरची माडी. खाली माग आहेत, ते बंद झाले की बसायचं. मंडळी अशी : अण्णा, म्हणजे जन्मभर मागावर काम करून संध्याकाळी भजनात तबला धरणारे, माझा भाचा, जो व्हिडिओ एडिटिंगची कामं घेतो, शाळेतल्या माझ्या दोन सहकारी शिक्षिका, आणि अण्णांच्या गल्लीतली येणारी-जाणारी पोरं.

नियम दोनच. दर वेळी एक कलावंत जवळचा, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, सौंदत्ती या पट्ट्यातला, आणि एक लांबचा, कुठल्याही देशाचा, कुठल्याही प्रकारचा. दुसरं, ज्याचं नाव माडीवरच्या निम्म्या लोकांना आधीच ठाऊक आहे तो घ्यायचा नाही. कुमार गंधर्व सुळेभावीचे, त्यांच्यावर आमचा जीव आहेच, पण त्यांना आमच्या यादीची गरज नाही.

भाच्यानं लॅपटॉपवर तक्ता केलाय. रकाने : नाव, गाव, वाद्य किंवा गळा, भाषा, सोबतीला कोण, व्हिडिओ कुणी काढला, परवानगी आहे का. "सोबतीला कोण" हा रकाना मी आग्रहानं घालायला लावला.

७ जून

पहिली बैठक. लांबचा कलावंत म्हणून चरणजित सिंग. लांबचा म्हणायचं ते प्रकारानं, कारण माणूस मुंबईचा. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षं वाजवलेला. १९८२ साली त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक एलपी काढली. वाद्यं रोलँड कंपनीची : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र, टीबी-३०३ हे खर्जाचं यंत्र. तेव्हा ती कुणी फारशी घेतली नाही. पुढे पाचेक वर्षांनी अमेरिकेत शिकागोच्या पोरांनी त्याच टीबी-३०३ मधून 'अॅसिड हाउस' नावाचा नाचाचा प्रकार काढला, तो जगभर गेला. २०१० मध्ये ही जुनी रेकॉर्ड नव्यानं निघाली तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की हा नाद मुंबईत आधीच वाजून गेलाय. चरणजित सिंग २०१५ मध्ये वारले. शेवटची काही वर्षं तरी त्यांना ती दाद मिळाली, एवढं बरं झालं.

ललत लावला, मग तोडी, मग मालकंस. माझी भीती होती की अण्णा उठून जातील. ते पुढं सरकून बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "सूर घसरतोय बघ की. यंत्र असून घसरतोय." हे त्यांनी अचूक पकडलं. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता जाण्याची सोय आहे. गिटारवाल्याला एकट्यानं सराव करताना मागं खर्ज मिळावा म्हणून बनवलेलं ते यंत्र, पण त्या सोयीमुळं त्यात मींडेसारखं काहीतरी करता येतं. चरणजित सिंगांना ते दिसलं, कारण कान रागाचा होता. ठेका मात्र शेवटपर्यंत हलत नाही. ताल असा पुतळ्यासारखा उभा ठेवून वर राग फिरवणं अण्णांना पटलं नाही, तसं ते बोललेही. पोरांना तेच आवडलं.

तक्त्यात 'सोबतीला' या रकान्यात कुणी नाही. सगळं त्यांनी एकट्यानं वाजवलंय.

११ जून, चिकोडी तालुका

आज कर्नाटकी बेंदूर, ज्येष्ठी पौर्णिमा. शाळेतल्या सहकारी बाईंचं माहेर चिकोडीकडं, त्यांच्याबरोबर गेले. बैलांची मिरवणूक, शिंगांना बेगड, पाठीवर झुली, आणि पुढं करडी मजल, म्हणजे करडी, सनई आणि झांज यांचा ताफा.

करडी मजल नुसती यूट्यूबवर पाहून कळत नाही, हे आज पक्कं झालं. फोनच्या माइकला करडीचा दणका झेपत नाही. तो आवाज दाबून टाकतो आणि झांजेची किणकिण तेवढी वर येते. प्रत्यक्षात उलटं असतं. करडी हे गळ्यात अडकवून दोन्ही तोंडांनी वाजवायचं मोठं वाद्य, तिचा आवाज छातीत बसतो, आणि सनई त्या आवाजावर तरंगत असते. करडीवाले समोरासमोर उभे राहून एकमेकांना सवाल टाकतात. एकानं बोल काढला की दुसऱ्यानं तो घेऊन वाढवून परत द्यायचा. सनईवाला मधेच उठाव घेतो, तेव्हा दोघे करडीवाले लगेच हात हलके करतात. कुणी खूण केलेली दिसली नाही.

सनईवाल्या अज्जांशी वेशीजवळ बोलले. आधी कन्नडमध्ये, मग माझं कन्नड ऐकून त्यांनीच मराठी सुरू केलं. दोन्ही भाषांतल्या लग्नात वाजवतात. "मराठ्यांच्या लग्नात अभंग मागत्यात, आमच्यात वचनं. फुंक एकच." वचनं म्हणजे शरणांची कानडी वचनं. मी नाव विचारलं तर म्हणाले, "नाव कशाला वो बाई, वाजवलं ते ऐकलासा न्हवं?" गावाच्या नावानं ताफा ओळखला जातो, माणसांची नावं कुणी विचारत नाही.

मिरवणुकीत निदान दहाबारा फोन वर होते. ते सगळे व्हिडिओ आज रात्री कुठं ना कुठं चढतील आणि त्यांत बैलांच्या मालकांची नावं असतील.

बैलांसाठी बांधलेली कर, म्हणजे तोरण, तोडल्यावर पाऊस आला.

१४ जून

आजचा जवळचा कलावंत : हार्मोनियमवादक पंडित रामभाऊ विजापुरे. जन्म १९१७, कागवाडचा. बेळगावात संगीत विद्यालय चालवून त्यांनी कितीतरी पिढ्यांना पेटी आणि गाणं शिकवलं. २०१० मध्ये गेले. अण्णांना नाव माहीत होतं, पोरांना कुणालाच नव्हतं, तेव्हा नियमात बसले. बेळगावच्या पोरांना हे नाव माहीत नसावं याचं मला वाईट वाटलं, पण म्हणूनच तर बसतोय.

रामभाऊंकडं गायकीची तालीम रामकृष्णबुवा वझ्यांसारख्यांची होती. हे सांगायला हवं, कारण त्यांची पेटी गाणाऱ्यासारखी चालते. बोटं पट्ट्यांवर असतात, पण वाक्य गळ्याचं असतं.

आधी त्यांच्या एकल वादनाचं ध्वनिमुद्रण. मग दुसरा प्रयोग केला : एका ख्यालाचं ध्वनिमुद्रण दोनदा लावलं. पहिल्यांदा नेहमीसारखं ऐकायचं. दुसऱ्यांदा गायकाकडं लक्ष द्यायचंच नाही, फक्त पेटीचा माग काढायचा. दुसऱ्या खेपेला माडीवर जी शांतता होती तशी पहिल्या खेपेला नव्हती. पेटीवाला गायकाच्या अर्धा श्वास मागं असतो. तान कुठं जाणार हे त्याला ठाऊक नसतं, तरी ती संपते तिथं तो पोचलेला असतो. गायक थांबला की पोकळी भरायची, पण पुढची कल्पना उघडी करायची नाही. गायकानं निषादावर ठेवलं तर पेटीवाल्यानं षड्ज वाजवून त्याचा डाव मोडायचा नाही. एवढं करून रेकॉर्डच्या वेष्टनावर नाव बारीक अक्षरात, आणि तीच रेकॉर्ड कुणी यूट्यूबवर चढवली की तेवढंही नाही.

भाच्यानं विचारलं, "मावशी, पेटीवाल्यांच्या जुन्या रेडिओ रेकॉर्डिंग्ज एवढ्या कमी का?" त्याचं उत्तर मला माहीत होतं आणि ते सांगताना आजही राग येतो. १९४० साली आकाशवाणीनं हार्मोनियमवर बंदी घातली. कारणं दिली ती अशी : वाद्य परदेशी, सूर ठरावीक जागी पक्के बसवलेले, मींड निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, मिळत नाहीत. ही बंदी ढिली व्हायला १९७१ उजाडलं. रामभाऊ १९४० मध्ये तेवीस वर्षांचे. म्हणजे माणसाच्या उमेदीची तीस वर्षं आणि त्या काळातलं सगळ्यात मोठं व्यासपीठ, दोन्ही एकमेकांना भेटलेच नाहीत. १९५० मध्ये धारवाड केंद्र सुरू झालं, १९६३ मध्ये सांगली. आमच्या घराघरांत ही दोन केंद्रं लागायची. या मुलखातल्या पेटीवाल्यांसाठी ती दोन्ही जवळ असून लांब होती.

आक्षेपात तथ्य नाही असं नाही. पेटीतून मींड निघत नाही हे खरंच. मागल्या आठवड्यात टीबी-३०३ घसरलेलं ऐकून अण्णा खूश झाले ते त्याचमुळं. पण रामभाऊंची बोटं दोन सुरांच्या मधली जागा कणांनी आणि भात्याच्या दाबानं अशी भरतात की कानाला मींडेचा भास होतो. नसलेली गोष्ट ऐकवणं ही केवढी विद्या आहे. बंदी घालणाऱ्यांनी वाद्याचा विचार केला, वाजवणाऱ्याचा केला नाही.

१७ जून

कामाची नोंद. शोधताना लिपी बदलायची. आपल्या भागातल्या एकाच कलावंताचे व्हिडिओ तीन प्रकारे चढवलेले असतात : देवनागरीत, कन्नड लिपीत आणि रोमनमध्ये. देवनागरीत शोधलं तर कन्नड लिपीतला मथळा असलेलं बहुतेक काही दिसत नाही, मग ते शेजारच्या गावातलं का असेना. भाच्यानं आपल्या वाद्यांची आणि तालुक्यांची नावं तिन्ही लिप्यांत लिहून ठेवलीत, शोधताना चिकटवायला. आज त्यावरून चौडक्याचे, म्हणजे यल्लम्माची गाणी म्हणताना वाजवायच्या तारेच्या वाद्याचे, आणि श्रीकृष्ण पारिजाताचे असे कितीतरी व्हिडिओ मिळाले जे आम्ही कधी पाहिलेच नव्हते. पारिजात हा आपल्या गोकाक भागात रुजलेला लोकनाट्याचा खेळ, कौजलगी निंगम्मांनी नावारूपाला आणलेला. आणि मराठी घरांतून तो जवळजवळ कुणी पाहिलेला नाही.

दुसरं, यूट्यूब पुढं काय सुचवतो त्यावर विसंबायचं नाही. तो आपण आधी ऐकलेल्यासारखंच आणि बऱ्याच जणांनी पाहिलेलं आणून देतो. त्यापेक्षा छोट्या चॅनेलवर जाऊन सगळ्यात जुन्या व्हिडिओपासून पाहत यायचं. जत्रेतलं, वास्तुशांतीतलं, सप्ताहातलं खरं वादन तिथं पडलेलं असतं.

२१ जून

आज कुणाचं एक असं वादन नव्हतं. जुन्या तबकड्यांची बैठक.

१९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं, ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गनं केलेलं. तबकडी संपता संपता त्या इंग्रजीत म्हणतात, "माय नेम इज गौहर जान". ऐकताना मोठी ऐट वाटते, पण त्यामागं कामाचं कारण होतं. मेणावर घेतलेलं ध्वनिमुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जायचं, तिथं तबकड्या छापायच्या. तिथल्या कारागिरांना ही गाणारी कोण हे कसं कळणार? म्हणून गाणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं नाव सांगायचं. त्या काळच्या पुष्कळ तबकड्यांत असं ऐकू येतं. सारंगियाचं नाव मात्र कुणी पुकारत नाही. तबलजीचंही नाही.

मग गंगूबाई हनगल. त्या आमच्या नियमात बसत नाहीत. पण 'गांधारी हुबळी' बसतात. गंगूबाईंच्या सुरुवातीच्या तबकड्या त्या नावानं निघाल्या. तो आवाज पातळ, उंच, पुढच्या भारदस्त आवाजाशी नातं लागू नये असा. पोरांना कोण ते न सांगता ऐकवलं, मग सांगितलं. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींपुढं स्वागतगीत गायलेली हीच मुलगी, हे ऐकून गल्लीतला एकजण म्हणाला, "आपल्या टिळकवाडीत?" होय, तिथंच, आता विहीर आणि स्मारक आहे त्या भागात.

यातून प्रकल्पाचा तिसरा नियम निघाला आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इथून पुढं आम्ही जे काही ध्वनिमुद्रित करू, त्याच्या शेवटी प्रत्येकानं स्वतःच्या तोंडानं नाव, गाव आणि वाद्य सांगायचं. मुख्य गाणाऱ्यानं, झांज धरणाऱ्यानं, कोरसमध्ये मागं उभ्या असलेल्यानं. ते कापायचं नाही. मथळा बदलेल, वर्णन कुणी पुसेल, व्हिडिओ कुणी उचलून दुसरीकडं चढवेल. आवाजातलं नाव मात्र आवाजाबरोबर जाईल.

२८ जून

दिवसभर मुसळधार. माडीच्या पत्र्यावर एवढा आवाज की स्पीकर वाढवून लावावा लागला. अशा दिवसासाठी मी सिस्टर रोझेटा थार्प राखून ठेवल्या होत्या.

७ मे १९६४. इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये बंद पडलेलं एक रेल्वे स्टेशन. ग्रॅनडा टेलिव्हिजननं प्रेक्षकांना आगगाडीनं तिथं आणलं आणि एका फलाटावर बसवलं. समोरच्या फलाटावर अमेरिकेतले काळे ब्लूज कलावंत. मधे रूळ. पाऊस आला. रोझेटाबाई घोडागाडीतून उतरल्या, चांगला कोट अंगात, आणि इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून त्यांनी पावसाचंच भक्तिगीत सुरू केलं. जन्म १९१५ चा, आर्कान्सा राज्यातल्या कॉटन प्लँट गावचा. देवळातलं, म्हणजे त्यांच्या चर्चचं गाणं त्यांनी इलेक्ट्रिक गिटारवर आणलं. पुढं ज्या रॉक अँड रोलनं जग हलवलं त्याची बोटं यांच्याकडची आहेत. त्यांचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला तो २०१८ मध्ये. वारल्या १९७३ मध्ये, आणि त्यांच्या थडग्यावर कितीतरी वर्षं नावाचा दगडही नव्हता.

सहकारी बाई म्हणाल्या, "ही तर आपली कीर्तनकारीण." मला ते मनापासून पटलं. मधे थांबून प्रेक्षकांकडं बघणं, टाळ्या मागून घेणं, देवाला हाक मारता मारता एकदम गिटारवर तुटून पडणं. कॅमेरा त्यांच्या उजव्या हाताजवळ जातो आणि तिथंच थांबतो. दृश्यांची घाई नाही. आत्ताच्या म्युझिक व्हिडिओत दर दोन सेकंदांनी दृश्य तुटतं, वाजवणारा हात पुरता दिसतच नाही. भाच्यानं हे स्वतःहून टिपलं.

६ जुलै

आषाढी. बैठक नाही. गल्लीतल्या भजनी मंडळाचं ध्वनिमुद्रण घेतलं. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे खर्जाच्या तोंडाला, कणीक ताजी हवी म्हणून गजर अर्धा तास उशिरा सुरू झाला. शेवटी सगळ्यांनी नावं सांगितली, चिपळ्या वाजवणाऱ्या सातवीतल्या मुलीनं सगळ्यात मोठ्यानं.

१५ जुलै, सौंदत्ती

मंगळवार बघून यल्लम्माच्या डोंगरावर गेलो, मी, भाचा आणि सहकारी बाई. जत्रेचा हंगाम नसल्यानं गर्दी बेताची, म्हणजे ध्वनिमुद्रणाला बरी.

वाटेत गुर्लहोसूरचा विषय निघाला. अण्णासाहेब किर्लोस्करांचं गाव. १८४३ चा जन्म. १८८० मध्ये त्यांनी पुण्यात शाकुंतल उभं केलं आणि मराठी संगीत नाटकाचं युग सुरू झालं. त्यांच्या कानात लहानपणापासून कानडी पदं होती आणि त्यांच्या नाटकांत कानडी चाली आल्या. म्हणून मराठी नाट्यसंगीताचा इतिहास पुण्यात सुरू करणाऱ्यांना मी नेहमी सांगते, आधी मलप्रभेच्या काठाला या.

डोंगरावर चौडकं वाजवणाऱ्या दोघी भेटल्या. एकीचं गाव कोल्हापूरकडचं, दुसरीचं अथणीकडचं. पहिली मराठीत म्हणते, दुसरी कानडीत, आणि दोघी एकाच वेळी म्हणतात तेव्हा चाल एकच असते. एक ओळ मराठी पडते, तिच्यावर कानडी ओळ चढते. ऐकणाऱ्याला कुठं बदललं ते कळायच्या आत पुढची येते.

चौडक्याची रचना जवळून बघून घेतली. लाकडाचं पोकळ नळकांडं, खालच्या तोंडाला कातडं, कातड्याच्या मधून निघालेली तार वर एका दांडीच्या खुंटीला बांधलेली. नळकांडं डाव्या काखेत दाबायचं, डाव्या हातानं दांडीवर जोर देऊन तार ताणायची-सैल करायची, उजव्या हातात नखी. ताण बदलला की सूर बदलतो. म्हणून चौडकं ताल धरताना बोलतं सुद्धा. गाणारीनं "आई" म्हटलं की तार तो उच्चार करून दाखवते. सूर ठरलेल्या जागी बसवलेला नाहीच, सगळी घसरणच. दिल्लीत बसून पेटीवर बंदी घालणाऱ्यांना मींड हवी होती ना, ती इथं डोंगरावर अशी उघड्यावर वाजत होती. तिलाही रेडिओवर कधी फारशी जागा मिळाली नाही.

ध्वनिमुद्रण : छोटा रेकॉर्डर, वाऱ्यासाठी केसाळ टोपी घातलेली, चौडक्यापासून हातभर लांब आणि किंचित बाजूला, कारण कातड्याच्या सरळ समोर ठेवला की आवाज फाटतो. फोनचा व्हिडिओ वेगळा. दोन्ही नंतर जुळवता यावेत म्हणून सुरुवातीला एक टाळी.

शेवटी नावं विचारली. पहिलीनं लगेच सांगितलं. दुसरी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नाव आवाजात असू दे. तोंड दाखवू नका." आम्ही व्हिडिओ तिच्यासमोर पुसला. तिच्या हातांचा आणि चौडक्याचा तेवढा ठेवला, तो तिला दाखवून.

१९ जुलै

माडीवर चौडकं ऐकवलं. नंतर जे बोलणं झालं ते गाण्यापेक्षा लांबलं.

एक सहकारी बाई स्पष्ट बोलल्या : हे सूर ज्या देवदासी प्रथेतून आले तिनं मुलींची आयुष्यं नासवली, त्याची आरास मांडायची नाही. बरोबर आहे. कर्नाटकानं १९८२ मध्ये मुलींना देवदासी म्हणून देवाला सोडण्यावर बंदीचा कायदा केला, आणि तो करावा लागला हेच पुरेसं बोलकं आहे. पण त्या दोघींची विद्या त्या प्रथेच्या मालकीची नव्हे, ती त्यांची आहे. यल्लम्माच्याच परंपरेतल्या कलावंत मंजम्मा जोगतींना २०२१ चा पद्मश्री मिळाला, त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, ते त्यांच्या कलेवर. आम्ही असं ठरवलं : ध्वनिमुद्रणाबरोबर चौडक्याची माहिती आणि कायद्याची माहिती दोन्ही लिहायची, देवीच्या चमत्काराचा मथळा द्यायचा नाही, आणि डोंगरावर तोंड दाखवू नका म्हणालेल्या बाईंचं रेकॉर्डिंग जाहीर चढवायचंच नाही. ते तक्त्यात राहील, माडीवर वाजेल.

भाच्याला हे जड गेलं. सगळ्यात सुंदर तेच आहे. तरीही.

२६ जुलै

इथिओपियाच्या एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू. पियानो वाजवणारी ख्रिस्ती जोगीण. १९२३ मध्ये आदिस अबाबात श्रीमंत घरात जन्म, लहानपणी स्वित्झर्लंडमध्ये शिक्षण. इटलीनं देश घेतला तेव्हा कुटुंबासह कैदेत. पुढं कैरोत संगीताचं शिक्षण, आणि मग सगळं सोडून डोंगरावरच्या मठात वर्षानुवर्षं अनवाणी. १९६७ मध्ये जर्मनीत पहिली रेकॉर्ड काढली, उत्पन्न अनाथ मुलांसाठी. जगाला नाव कळलं २००६ मध्ये, एका फ्रेंच संग्रहमालेतून. २०२३ मध्ये जेरुसलेममध्ये गेल्या, नव्व्याण्णव वर्षांच्या.

वादनाबद्दल लिहिणं कठीण आहे. पियानोचे सूर पेटीसारखेच पक्के, पण त्या लय अशी आत-बाहेर करतात की मागं कुणी तालाला नाही याची जाणीव राहत नाही. इथिओपियाचे पाच सुरांचे मेळ आहेत, त्यांतला एक ऐकून अण्णांनी आधी भूप म्हटलं, मग "भूप नव्हे, पण त्याच्या घरातला" म्हटलं. कुणी काही बोललं नाही. अण्णांनी परत लावायला सांगितलं.

३ ऑगस्ट, येळ्ळूर

राजहंसगडावर चित्रित केलेला एक मराठी रॅप व्हिडिओ गेल्या महिन्यात भाच्याला मिळाला. पोरं बेळगावच्या आसपासच्या गावांतली. शब्द चांगले आहेत, यमकासाठी ओढाताण नाही, मराठीच्या मधे कानडी शिव्यासुद्धा सहज येतात. पण मला धरून ठेवलं ते हलगीनं. संगणकावरच्या बीटखाली खरी हलगी वाजतेय, आणि वाजवणारा पोरगेला नाही हे दुसऱ्या मात्रेत कळतं. काडीचा हात आतल्या बाजूनं जे बारीक काम करतो ते वर्षानुवर्षं वाजवल्याशिवाय येत नाही.

व्हिडिओच्या शेवटी नावं : रॅपर, बीट, एडिटर, ड्रोन, आणि खर्च देणाऱ्यांचे आभार. हलगीवाले नाहीत. आज त्या पोरांना भेटलो. विचारल्याबरोबर रॅपर म्हणाला, "मामांचं नाव घालायचं राहिलं की वो." त्यात लपवाछपवी काही नव्हती, कुणी कधी घातलेलं त्यानं पाहिलंच नव्हतं. मामा त्याच्याच गल्लीतले. आम्हाला घेऊन गेला.

मामांनी हवा दमट म्हणून आधी कागद पेटवून हलगी शेकली. कातडं ओढून धरलं की आवाज चढतो; पावसाळ्यात दर थोड्या वेळानं हे करावं लागतं. प्लास्टिकच्या पानाची हलगी मिळते, तिला शेकावं लागत नाही, मिरवणुकीत तीच बरी पडते. "पर ती रडत न्हाई," म्हणाले. रॅपसाठी कसं वाजवलं विचारलं. कानाला हेडफोन लावून यंत्राच्या ठेक्यावर वाजवणं त्यांना आधी जमेना, कारण यंत्र ऐकत नाही. मग त्यांनी पोराला सांगितलं, ठेका बंद कर, तू म्हण, मी तुझ्या तोंडावर वाजवतो. तसंच घेतलं, आणि बीट नंतर हलगीवर बसवली. म्हणून ते गाणं श्वास घेतं. चरणजित सिंगांच्या ठेक्यावर अण्णांची तक्रार होती तीच ही गोष्ट, मामांनी सोडवून दाखवली.

चढवलेल्या व्हिडिओच्या आतली नावं बदलता येत नाहीत. परत चढवला तर आधीचे बघणारे जातात. पण खालचं वर्णन केव्हाही बदलता येतं, आणि वर टाचलेली टिप्पणी ठेवता येते. पोरानं तिथल्या तिथं फोन काढून मामांचं नाव, गाव, वाद्य लिहिलं. देवनागरीत लिहिलं, मग कन्नड लिपीत, मग रोमनमध्ये. हे भाच्यानं सांगितलं. मामांना वाचून दाखवलं. त्यांनी गावाच्या नावापुढं तालुकाही घालायला लावला.

१६ ऑगस्ट

बँडवाले. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. पाइप बँडमधून आणि ब्रास बँडमधून निवृत्त झालेली माणसं आसपासच्या गावांत आहेत. आज माडीवर त्यांतले एक क्लॅरिनेटवाले काका आले. फौजेत स्वरलिपी वाचून वाजवायला शिकलेले, नंतर लग्नाच्या बँडमध्ये कानावरून नाट्यगीतं. दोन्ही करून दाखवलं. तेच वाद्य, तोच माणूस. पण कूच वाजवताना जीभ प्रत्येक सूर तोडते आणि नाट्यगीतात जीभ जवळजवळ लागतच नाही. शेवटी नाव सांगताना ते खुर्चीवरून उठून ताठ उभे राहिले आणि आधी पलटणीतला हुद्दा सांगितला.

२४ ऑगस्ट

बुधवारी गणपती. पुढचे दोन आठवडे मंडळांचे, बैठक नाही.

तक्त्याची स्थिती बघितली. 'सोबतीला कोण' हा रकाना लांबच्या कलावंतांसाठी भरणं सोपं गेलं, कारण नव्यानं निघालेल्या रेकॉर्डबरोबर कुणीतरी मेहनतीनं माहिती लिहिलेली असते. जवळच्यांसाठी तो रकाना घरी जाऊनच भरावा लागतो. चिकोडीच्या सनईवाल्या अज्जांच्या नावाची जागा अजून रिकामी आहे. सहकारी बाईंच्या भावानं ताफ्यातल्या सगळ्यांची नावं आणतो म्हटलंय. दसऱ्याला तिथं परत जायचंच आहे, या वेळी रेकॉर्डर घेऊन.

भाच्याकडची कामं : ज्याचं ध्वनिमुद्रण घेतलं त्या प्रत्येकाला त्याची प्रत पेन ड्राइव्हवर द्यायची, व्हॉट्सअॅपवर पाठवली की आवाज चेपतो. मूळ फाइली दोन वेगळ्या डिस्कवर, एक अण्णांकडं. माझ्याकडची : कागवाडला जाऊन रामभाऊंच्या पिढीबद्दल बोलू शकेल असं कुणी आहे का ते बघणं, आणि पारिजाताचा एक पूर्ण खेळ बसून पाहणं, रात्रभराचा.

अण्णांनी पुढच्या बैठकीसाठी स्वतःहून मागणी केलीय. त्यांना इथिओपियातलं अजून ऐकायचंय, आणि या वेळी तालवाद्यासकट.